डावीकडचे मागचे दार

आमच्या गाडीला एक खोड जडली होती. ती कधी सुरू होई आणि कधी होत नसे.

टेकडीच्या माथ्यावर पाणी शुद्ध करण्याचे जुने केंद्र आहे. त्याच्या कर्मचाऱ्यांसाठी बांधलेल्या वसाहतीतील अगदी शेवटच्या घरात आम्ही पतिपत्नी राहतो. केंद्र बंद पडून बरीच वर्षे लोटली. निवळणीचे हौद कोरडे पडले असून त्यांत गुडघाभर गवत वाढते, आणि गाळणगृहाच्या खिडक्यांना काचा उरलेल्या नाहीत. ही त्या केंद्रात रसायनतज्ज्ञ होती. पाण्याच्या नमुन्यात काय विरघळले आहे आणि किती, हे ठरविण्यात तिचे आयुष्य गेले. मी खाली गावातील महाविद्यालयात न्यायशास्त्र शिकवीत असे. न्यायालयातले नव्हे, तर्कातले. धूर दिसला असता अग्नी आहे असे केव्हा म्हणावे आणि केव्हा म्हणू नये, एवढाच माझा विषय.

आमची गाडी फिकट राखाडी रंगाची आहे. फाटकालगत पत्र्याचे छप्पर आहे, त्याखाली ती उभी असते. एका वृद्ध व्हायोलिनशिक्षकांकडून आम्ही ती घेतली, तेव्हाच ती तरुण नव्हती. तरीही माझ्या नोकरीच्या काळात तिने एकदाही तोंड फिरविले नाही. रोज सकाळी मी पुस्तकांचे गाठोडे मागच्या आसनावर ठेवावे, पुढे येऊन बसावे, किल्ली फिरवावी आणि तिने सुरू व्हावे, असा आमचा परिपाठ होता. मी निवृत्त झालो आणि ती रुसू लागली. किल्ली फिरविली की समोरचे दिवे लागत, बोनटखाली ‘टक्’ असा एकच आवाज होई आणि पुढे काही नाही. पाच-सहा वेळा किल्ली फिरवून घाम यावा आणि दुपारी बाजाराची पिशवी मागे ठेवून सहज म्हणून बसावे, तर लेकरासारखी हसत सुरू.

हे सारे हसण्यावारी नेण्यासारखे होते, जोवर हिची मूत्रपिंडे धड होती.

ती थकली, आणि दिवसाआड खाली रुग्णालयात डायलिसिससाठी जाणे आले. पहिल्या दिवशी यंत्राच्या नळीतून आपलेच रक्त फिरताना पाहून ही म्हणाली, “आयुष्यभर लोकांचं पाणी गाळलं. आता हे माझं रक्त गाळतंय. फिटंफाट झाली.”

भाड्याच्या गाड्या आमच्या टेकडीवर यायला नाखूश असतात. शेवटच्या वळणावर रस्ता खचलेला आहे. आल्या तरी उशिरा येतात, आणि रुग्णालयातील यंत्र कोणासाठी थांबत नाही. आपली वेळ टळली की तिथे दुसरा रुग्ण झोपलेला असतो. आमच्या गाडीने दगा दिल्यामुळे एक खेप चुकली. हिच्या पावलांना सूज चढली, श्वास लागला. दूरच्या शहरात राहणाऱ्या आमच्या मुलीला हे कळले, तेव्हा तिचा फोन आला.

“बाबा, मी भांडत नाहीये. पण पुन्हा एकदा जरी आईचं डायलिसिस चुकलं ना, तर मी येणार, दोघांना गाडीत घालणार आणि घराला कुलूप लावणार. तुमचं तर्कशास्त्र माझ्याकडे चालायचं नाही.”

“आमचं तर्कशास्त्र तुझ्याकडे कधीच चाललेलं नाही,” मी म्हणालो.

“आईला फोन द्या.”

हिने ऐकून घेतले, ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवला. मग खिडकीशी बसून हौदांतल्या गवताकडे पाहत राहिली. “अहो,” ती म्हणाली, “तिच्या घरी मी पाहुणी होणार. मला इथून निघायचंय आणि इथंच परत यायचंय, जितके दिवस जमेल तितके दिवस. तुम्ही एवढी गाडी सरळ करा.”

लग्नापासून हिने माझ्यापाशी फारसे काही मागितलेले नाही. मी शब्द दिला.

टेकडीच्या पायथ्याशी ज्यांचे गॅरेज आहे ते मिस्त्री बोलघेवडे गृहस्थ. “सर, गाडीची नाडी हातात आली की तिच्या आजोबांचा आजार सांगतो,” असे म्हणून त्यांनी काम हाती घेतले. बॅटरीची टोके घासली, मग बॅटरीच बदलली. सेल्फ उतरवून त्याचे कार्बन नवे घातले. किल्लीचे कुलूप बदलले, अर्थिंगची वायर नवी ओढली. प्रत्येक वेळी टूलबॉक्स मागच्या आसनावर ठेवून ते चाचणीला निघत, आणि प्रत्येक वेळी गाडी पहिल्या किल्लीला सुरू होई. घरी आणली की पुन्हा तेच.

“माझ्यासमोर कशी शहाण्यासारखी वागते बघा. डॉक्टर आला की ताप उतरतो, तसलं नाटक.”

“उतारावर सोडून पाहिली का?” मी विचारले. सेल्फ कितीही रुसला तरी उतारावर गाडी सोडून, गिअर टाकून क्लच सोडला की यंत्राला फिरणे भागच पडते.

तो प्रयोगही झाला. एका सकाळी आमच्या फाटकापाशी तिने हटवादीपणा केला तसा मी मिस्त्रींना फोन लावला. ते दुचाकीवरून वर आले, रिकाम्या हाताने स्टिअरिंगमागे बसले आणि गाडी उतारावर सोडली. गाडीने वेग घेतला, क्लच सुटला, एक हिसका बसला आणि ती जागच्या जागी उभी राहिली. बैल खूर रोवतो तशी. मिस्त्री खाली उतरले आणि गाडीभोवती एक फेरी मारून आले.

“म्हणजे सेल्फचा दोष नाही,” शेवटी ते म्हणाले. “आणि बाकी सगळं तर मी बघितलंय. सर, दोष सापडत नाही म्हणजे दोष नाहीच.”

“सापडत नाही आणि नाही, ही दोन वेगळी विधाने आहेत, मिस्त्री.”

“तुमच्यासाठी. माझ्यासाठी एकच. तुम्ही बघा आता.”

मी पाहायचे ठरविले.

आमच्या शास्त्रात कारण ओळखण्याची एक साधी वाट आहे. अमुक असताना कार्य घडते आणि अमुक नसताना घडत नाही, असे जे सापडेल ते कारणाच्या जवळचे. यालाच अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. बुद्धीची चमक लागत नाही. धीर लागतो, आणि आपल्याला आवडलेल्या कारणाच्या प्रेमात न पडण्याचे वैराग्य लागते. ही म्हणाली, “तक्ता करा, मी रकाने आखून देते.” मी नको म्हटले. माझ्या गुरुजींनी लिहिण्याआधी लक्षात ठेवायला शिकविले होते. कागदावरची विसंगती कागदावर निजून राहते. मनातली बोचत राहते.

प्रथम वाटले, दमट हवेचा परिणाम असावा. तसे नव्हते, कोरड्या दिवसांतही ती अडे. मग उन्हाचा संशय आला. येथे मात्र काहीसे हाती लागले: गार सकाळी गाडी सुरू होई, उबदार सकाळी अडे. मिस्त्रींना हे सांगितल्यावर ते हसले. “उलटं सांगताय, सर. गाड्या थंडीत कुरकुरतात.” उलटे होते हे खरे, पण घडत होते हेही खरे.

मग एक गार सकाळ अशी आली की गाडी अडली. सिद्धान्त कोसळला, आणि मला आनंद झाला. सिद्धान्त जेथे मोडतो तेथूनच वाट फुटते. मी किल्ली सोडून स्वस्थ बसलो आणि रोजच्यापेक्षा आज काय निराळे आहे, ते पाहू लागलो. ही शेजारी शाल पांघरून बसली होती. मांडीवर तिची रुग्णालयाची पिशवी होती आणि ती पिशवीत चष्मा शोधीत होती.

“पिशवी आज पुढे कशी?”

“चष्मा सापडेना म्हणून. नाहीतर शाल असली की मागे ठेवते. दोन्ही मांडीवर मावत नाही.”

गार सकाळी शाल. शाल असली की पिशवी मागे. उबदार सकाळी शाल नाही, पिशवी मांडीवर.

मी खाली उतरलो, डावीकडचे मागचे दार उघडले, पिशवी आसनावर ठेवली, तिचा बंद नीट केला, दार लावले, पुढे येऊन किल्ली फिरविली. गाडी सुरू झाली.

त्या दिवशी टेकडी उतरताना मी इतका प्रसन्न होतो की हिने दोनदा वेग कमी करायला सांगितले. माझे पुस्तकांचे गाठोडे. मिस्त्रींचा टूलबॉक्स. हिची पिशवी. सगळे त्याच दाराने मागे गेलेले, आणि गाडी सुरू. गाठोडे गेले, खोड आली. संगती अशी चोख जमली होती.

पण कारण ‘पिशवी’ आहे असे म्हणणे उतावीळपणाचे झाले असते. पुढच्या खेपेला मी पिशवी पुढूनच मागच्या आसनावर टाकली. गाडी ढिम्म. मग पिशवी मांडीवरच राहू दिली आणि नुसते डावे दार उघडून लावले. पिशवीचा बंद नीट करायला जेवढा वेळ लागला होता तेवढा थांबून. गाडी सुरू. पुढे एकदा झटकन उघडून झटकन आपटले. गाडी ढिम्म. उजवीकडच्या दाराने काहीच होईना. म्हणजे पिशवी नव्हे, डावे दार. आणि दारही नव्हे. दार उघडे असण्याचा काही काळ.

मिस्त्रींनी दाराच्या खाचेत आतल्या दिव्याचे बटण असते ते काढून टाकले, त्याच्या वायरी कापल्या. “शॉर्ट इथंच असणार,” ते विजयाने म्हणाले. बटण गेले, आतला दिवा गेला, खोड मात्र राहिली. आता त्या दारात विजेचा अंशही नव्हता. होते ते दोन बिजागऱ्या आणि पत्रा. तरी ते उघडून थांबले की गाडी सुरू होई, आणि न उघडले तर होत नसे.

“किती थांबायचं?” मिस्त्रींनी विचारले.

मला उत्तर माहीत होते, पण ते उच्चारायला जड गेले. “एखादं माणूस सावकाश आत बसेल, इतका.”

मिस्त्री मागे सरले आणि त्यांनी उगाच हात पुसले.

त्याच क्षणी मला व्हायोलिनशिक्षक आठवले. गाडी दाखवायला त्यांनी आम्हाला फिरवून आणले होते. मी पुढे, ही मागे उजवीकडे. आम्ही बसल्यावर त्यांनी डावीकडचे मागचे दार उघडले, हात दारावर ठेवून किंचित वाकून उभे राहिले आणि मग हलकेच लावले. दार व्यवस्थित लागते हे ते दाखवताहेत, अशी आमची समजूत झाली होती. निरोप घेताना ते एवढेच म्हणाले होते, “गाडी फार गुणी आहे. फक्त घाई करू नका.”

यानंतरचा प्रयोग हिचा. पाण्याच्या पातळीविषयी तिला जेवढे कळते तेवढे मला तर्काविषयी कळत असेल तर मी धन्य. प्रयोगशाळेतून आणलेली एक उथळ काचेची बशी तिच्याकडे होती. गाडी सपाट फरशीवर उभी करून तिने ती डिकीच्या झाकणावर ठेवली आणि काठोकाठ भरली. पाणी चहूबाजूंनी सारखे टेकले होते. “आता उघडा,” ती म्हणाली.

मी दार उघडले आणि दूर झालो. सकाळचे स्वच्छ ऊन होते. कोरड्या हौदांतून एक पाखरू उडाले.

काही झाले नाही. मग बशीच्या डाव्या काठावरून पाण्याची एक बारीक धार डिकीवर ओघळली.

“पाणी डावीकडे गेलं,” ही म्हणाली.

“वारा असेल.”

“वाऱ्यानं तरंग उठतात. पातळी बदलत नाही.” तिने चष्मा सावरला आणि वाकून पाहिले. उजव्या काठाशी काच उघडी पडली होती. “आणि ती परत आलेली नाही. दार लावा.”

मी लावले. नेहमीपेक्षा हळू लावले.

“करा आता सुरू.”

पहिल्याच किल्लीला यंत्र गुरगुरले. ही डिकीपाशी ओली बशी हातात धरून उभी होती आणि हसत होती. परीक्षेत पहिली आलेल्या मुलीसारखी. मला विचाराल तर तो आमच्या संसारातला एक थोर क्षण होता. शास्त्राने शास्त्राला हात दिला होता आणि अडलेली गाडी चालली होती. मागे काय बसले, हा प्रश्न मला पडला नव्हता असे नाही. पण प्रयोजन सिद्ध झाल्यावर सगळ्याच प्रश्नांना उत्तर मागू नये, असेही शास्त्रच सांगते.

एक गोष्ट तेवढी लक्षात राहिली. रुग्णालयाच्या आवारात पोहोचून आम्ही उतरलो, तेव्हा ती बाजू आपोआप वर आलेली होती. आत येण्यासाठी दार लागत होते. बाहेर जाण्यासाठी लागत नव्हते.

त्यानंतर एकही खेप चुकली नाही. हिच्या पावलांची सूज उतरली. रुग्णालयात शेजारच्या पलंगावर एक वयोवृद्ध शिंपी असत. मोठे विनोदी गृहस्थ. नुसत्या नजरेने माणसाचे माप घेत. “ताई, या आठवड्यात खांद्याला अर्धं बोट भरल्या तुम्ही,” असे म्हणून ते हिला हसवीत. तरुणपणी ते केंद्रातल्या कामगारांचे गणवेश शिवायचे. हौद भरलेले असतानाचा तो थंड वास त्यांना आठवे. “गुरुजी, तुमच्या गाडीत मागे जागा असते ना? एकदा न्या की आम्हाला वर. हौद बघून येतो.”

“त्यांत आता गवत आहे,” मी सांगितले.

“गवत तर गवत. बघायचं राहून गेलंय.”

“बरं वाटलं की याच,” ही म्हणाली. “मागे जागा आहे.”

इकडे मिस्त्रींनी नको तो उपद्व्याप केला. काळजीपोटीच केला असावा. त्यांनी आमच्या मुलीला फोन करून सांगितले की सर ठीक दिसत नाहीत. रिकाम्या गाडीचे दार उघडून कोणाची तरी वाट पाहत उभे राहतात. तिसऱ्या दिवशी मुलगी दारात हजर. तिने गाडीतून घडी घातलेली रिकामी खोकी उतरविली.

“बाबा, तुम्ही बसा,” ती म्हणाली. आवाज इतका मऊ की मी समजून चुकलो. वेड्याशी माणसे असेच बोलतात. “आईचं तिकडच्या हॉस्पिटलमध्ये नाव घातलंय मी. पुस्तकं नंतर नेऊ.”

“आज माझं इथलं आहे ना?” ही म्हणाली.

“आज मी माझ्या गाडीतून नेते.”

“आपल्या गाडीतून जाऊ. ती बंद पडते म्हणूनच तू आलीस ना? मग पडते का ते बघ.”

मुलीने माझ्याकडे पाहिले, आईकडे पाहिले. “ठीक आहे. मी सुरू करते. तुमची पूजाअर्चा न करता. झाली तर एक शब्द बोलणार नाही.”

“आणि तुझ्याकडून न होता माझ्याकडून झाली तर?” मी विचारले.

“तर खोकी परत नेते. पण व्हायची नाही, बाबा.”

ती स्टिअरिंगमागे बसली. किल्ली फिरविली. टक्. पुन्हा. टक्. तिने स्टिअरिंगवर तळहात आपटला आणि उतरली. जिंकूनही तिचे डोळे भरले होते. आपले म्हणणे खरे ठरावे असे तिलाही वाटत नव्हते.

“तू मागे बस,” मी म्हणालो. “उजवीकडून.”

“का?”

“डावी बाजू लागते.”

ती बसली. ही पुढे बसली. मी डावीकडचे मागचे दार उघडले आणि हात दारावर ठेवून उभा राहिलो. किंचित वाकलो होतो, हे मला नंतर जाणवले. मुलगी समोर पाहत होती, ओठ आवळून.

मग ती एकदम डावीकडे वळून पाहू लागली. आसनाच्या गादीकडे.

मी दार लावले. पुढे आलो. किल्ली फिरविली.

गाडी सुरू झाली.

हिने टाळी वाजविली. एकच.

टेकडी उतरताना मी आरशात पाहिले. मुलगी उजव्या दाराला चिकटून बसली होती. आईची पिशवी तिने शेजारी न ठेवता मांडीवर घट्ट धरली होती.

“बाबा,” बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “काच थोडी खाली घेऊ का?”

“घे की.”

“माझ्या बाजूची नाही.”

मी पुन्हा आरशात पाहिले. आमच्या तिघांच्या काचा स्वच्छ होत्या. डावीकडच्या मागच्या काचेवर आतून वाफ धरली होती.

“नको,” ही पुढूनच म्हणाली. “राहू दे तशीच.”

परतताना मी किल्ल्या शोधीत होतो, तेवढ्यात मुलीने आपण होऊन ते दार उघडले आणि खाली मान घालून उभी राहिली. किती थांबायचे हे तिला सांगावे लागले नाही. संध्याकाळ व्हायच्या आत तिने खोकी पुन्हा आपल्या गाडीत भरली. निघताना आईला मिठी मारली आणि माझ्या पाया पडली. हल्ली तिचा फोन येतो तेव्हा कुलपाचा विषय निघत नाही. “सगळे नीट बसता ना?” एवढेच विचारते.

मिस्त्रींना मी खाली जाऊन पेढ्यासारखी गोड बातमी दिली. त्यांनी ऐकून घेतले. “सर, सर्व्हिसिंग करतो,” ते म्हणाले. “पण टूलबॉक्स मी आता डिकीत ठेवीन.”

येथे ही हकीकत संपायला हरकत नव्हती. गाडी चालत होती, घर राहिले होते, ही निघे आणि परत येई.

मग एका सकाळी शिंप्यांचा पलंग रिकामा दिसला. चादर बदललेली होती आणि उशीवर खळगा नव्हता. परिचारिकेने सांगितले ते अपेक्षितच होते. ही सारा वेळ त्या पलंगाकडे तोंड करून पडून राहिली. बाहेर आलो तेव्हा एवढेच म्हणाली, “हौद दाखवायचे राहून गेले.”

मी डावीकडचे मागचे दार उघडले. थांबलो. गाडी त्या बाजूला लवली. मी दार लावले आणि किल्ली फिरविली.

टक्.

पुन्हा फिरविली. टक्.

इतक्या दिवसांत असे झाले नव्हते. मी उतरलो, पुन्हा डावे दार उघडले, पुन्हा लावले. टक्. अन्वय ढासळला होता आणि या वेळी मला आनंद झाला नाही. हिचा चेहरा यंत्रावरून उठल्यावर नेहमी असतो तसा, धुतल्यासारखा पांढरा होता. तिला घरी न्यायचे होते.

“अहो,” ती म्हणाली. समोरच्या काचेतून रुग्णालयाच्या पायऱ्यांकडे पाहत होती. “उजवीकडचंही उघडा.”

मी उघडले. हात दारावर ठेवून वाकून उभा राहिलो. पायऱ्यांवर कोणी नव्हते.

गाडी हळूच सपाट झाली.

पहिल्या किल्लीला ती सुरू झाली. खचलेले वळण चढून आम्ही वर आलो, तेव्हा ही म्हणाली, “हौदांपाशी थांबवा जरा.” मी थांबवली. आम्ही दोघे पुढेच बसून राहिलो. वाऱ्याने गवत एका दिशेने निजत होते. मग मागे आसनाची गादी उसासली, उजवीकडची. आणि हिने मला चलण्याची खूण केली.

तेव्हापासून मी रुग्णालयापाशी दोन्ही दारे उघडतो. गाडी पुन्हा एकदाही अडलेली नाही, हे मी अभिमानाने सांगतो. मिस्त्रींनी हात टेकले होते, मुलीने खोकी आणली होती. आणि ही अजून आपल्याच फाटकातून निघते व आपल्याच फाटकातून परत येते. दिलेला शब्द मी पाळला.

दोन्हीकडच्या जागा लागत असल्यामुळे हिची पिशवी पुन्हा मांडीवर आली आहे. शाल असली की तिची फार ओढाताण होते. मधली जागा रिकामी आहे, तिथे ठेवू का, असे मी एकदा म्हणालो. “नको,” ती म्हणाली, “ती राहू दे.” आणि शाल गळ्याभोवती सारखी करून बाहेर पाहू लागली.

जन्मभर मी प्रत्येक गोष्टीचे कारण विचारीत आलो. हे विचारले नाही.